कॅरियरवरची जागा

जुन्या काळातल्या पहिल्या प्रेमावरच्या सिनेमाचं शूटिंग नदीकाठच्या उतारावर चाललं होतं. त्यातल्या सगळ्या पोरांचे सदरे काकूंनी शिवले होते. सत्तरी उलटली तरी काकूंची सुई आणि जीभ दोन्ही धारदार.

"पोट आत घे, हिरो. त्या काळी प्रेमात माणसं वाळायची."

युनिट हसायचं, काकूही हसायच्या. सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी अंगुस्तान त्यांच्या बोटात कायम असायचं, झोपेतसुद्धा. तरुणपणी शेजारच्या गल्लीतल्या एका पोरानं दिलेलं. तो रोज सायकल थांबवून विचारायचा, "मागे बसतेस?" एकदा त्या म्हणाल्या, "उद्या नक्की." त्याच संध्याकाळी तो नदीवर पोहायला गेला, तो गेलाच.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकू झाडाखाली बसल्या असताना समोर एक सायकल येऊन थांबली.

"बटण तुटलंय," पोरगा म्हणाला. गर्दीतल्या सीनसाठी आणलेल्यांपैकी असावा.

"सदरा काढायचे कष्ट नकोत ना साहेबांना? ये इकडे. हललास तर टोचेन."

तो गालात हसला. काकूंनी अंगावरच बटण लावायला घेतलं. कापड ओलसर लागत होतं, एवढ्या उन्हात. दोरा दातानं तोडायला त्या वाकल्या, तर सदऱ्याला नदीच्या पाण्याचा वास.

आणि तेवढ्यात सगळ्यात खालचं बटण दिसलं. लाल दोऱ्यानं लावलेलं.

सिनेमाच्या सदऱ्यांना त्यांनी पांढराच दोरा वापरला होता. लाल दोरा आयुष्यात एकाच सदऱ्याला लावला होता, घरातला पांढरा संपला म्हणून.

"झालं का गं, टाचणे?"

या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

खरं तर भीती वाटायला हवी होती. काकूंच्या पोटातून हसूच फुटलं.

"किती उशीर रे!"

"तूच उद्या म्हणालीस. बसतेस?"

"बसते म्हणजे काय! सुई तेवढी ठेवू दे."

सुई डबीत ठेवून त्या वळल्या.

उतार रिकामा होता.

सिनेमा लागला तेव्हा काकू भाचीला घेऊन गेल्या. अंधारात अंगुस्तान खुर्चीच्या दांडीवर टकटक वाजवत बसल्या. मनात एकच रुखरुख. मेली सुई कशाला ठेवत बसले?

पडद्यावर उतार आला. हिरो-हिरोईन बोलत होते. त्यांच्या मागून एक सायकल भन्नाट निघून गेली.

"मावशी, ती कॅरियरवरची मुलगी पाहिलीस? नाक अगदी तुझं गं!"

मुलगी केस उडवत खिदळत होती. पोराच्या खांद्यावरच्या तिच्या बोटात काहीतरी पिवळं चमकलं.

"बसली!" काकू मोठ्यानं म्हणाल्या. "बसली एकदाची!"

आणि त्यांनी आनंदानं टाळ्या पिटल्या. आवाज नुसत्या कातडीचा आला.

त्यांनी बोट चाचपलं. अंगुस्तान नव्हतं. तेवढीच जागा ओली होती.