पेजेची खिडकी

१९३१ च्या कार्तिकात मला दिघीच्या खाडीकाठी खारशेत नावाच्या गावी पाठवण्यात आलं. मी माणगावचा आरोग्य निरीक्षक. तिकडे पटकीची साथ होती, माणूस कमी पडत होता, म्हणून मला पंधरा दिवस उसना दिला होता. म्हसळ्यापासून पुढे बैलगाडीनं गेलो. लशीची पेटी मांडीवर, आणि मागे पट्टेवाला सदू. रस्ता इतका वाईट होता की गाव दिसण्याआधीच माझं गावाशी भांडण सुरू झालं होतं.

गावानंही माझं स्वागत तसंच केलं. आश्विनातल्या वादळात तीन होड्या बुडाल्या होत्या, अकरा माणसं परत आली नव्हती. समुद्राचं पाणी वाडीत शिरून एक सोडून सगळ्या विहिरी खारट झाल्या होत्या. मला बघून बायका दारं लावून घेत. एका म्हाताऱ्यानं माझ्या पायांपासून हातभर अंतरावर थुंकून घेतलं. प्यायला पाणी मागितलं तर सदूला एकच उत्तर मिळे, "मशिदीत जावा."

सगळंच मशिदीत होतं. जांभ्या दगडाची, कौलारू, बुटकी इमारत. पुढे हौद, हौदात काळे मासे. गावातली एकच गोडी विहीर तिच्या आवारात होती. ओसरीवर आजारी माणसं झोपवलेली. मुसाफिरांच्या खोलीत वादळानं घरं गेलेली कोळ्यांची चार कुटुंबं. एका कोपऱ्यात वाचलेली जाळी आणि शिडं रचून ठेवलेली. मागच्या पडवीत चुलाणावर तांब्याची मोठी देग, आणि रोज दुपारच्या नमाजानंतर त्या देगीतून अख्ख्या गावाला पेज.

हे सारं चालवणारे इसाक बांगी. वय सत्तरीच्या पुढे, एक डोळा पांढरा झालेला. अजान तेच देत, देग तेच ढवळत. त्यांनी मला नमस्कार केला, पण बसा म्हटलं नाही.

माझं डोकं फिरलं ते पेज वाटायची रीत बघून. पडवीच्या समुद्राकडच्या भिंतीला कंबरेइतक्या उंचीवर एक खिडकी होती. तिच्यावर जुन्या शिडाच्या कापडाचा पडदा. खाली वीतभर फट ठेवलेली. बाहेरचा माणूस त्या फटीतून भांडं आत सरकवी, बांगी मान खाली घालून पेज ओतत, भांडं बाहेर जाई. कोण आलं, कोण गेलं, काही कळायला मार्ग नाही.

"ही कुठली पद्धत?" मी विचारलं.

"माझ्या आज्याच्या येळची, सायब. देणाऱ्यानं घेणाऱ्याचा हात बगायचा नाय. नाव पुसायचं नाय. भांडं आला तर रिकामा परत द्यायचा नाय."

त्यात शहाणपण होतं, हे मला आज मान्य आहे. गरिबाला लाज नको आणि कोळ्यानं मशिदीतलं खाल्लं याची भावकीत चर्चा नको. पण मी पटकी थांबवायला आलो होतो. एका देगीतून सगळं गाव खातं, आणि कोण खातं ते ठाऊक नाही, म्हणजे साथीला उघडं आमंत्रण. मी बांगींना स्वच्छ सांगितलं, खाणाऱ्या प्रत्येकाला लस टोचून होईपर्यंत ही खिडकी माझ्या मर्जीवर चालेल. एक जरी माणूस चुकवताना सापडला तर बंद करीन.

त्यांनी देगीखालचं लाकूड तेवढं पुढे सारलं.

तीन दिवस मी आणि सदू घरोघर फिरलो. लस टोचली की त्या माणसाच्या डाव्या मनगटावर मी जांभळ्या औषधाचा एक पट्टा ओढी. ते औषध आठवडाभर टिकतं, मग आपोआप उडतं. पट्टा आहे म्हणजे लस आहे, इतकं सोपं. शिव्या खाल्ल्या, एका घरात रिकामं ताट भिरकावलं गेलं तेही चुकवलं, पण एकही माणूस सोडला नाही.

त्यात केसर नावाची कोळीण होती. पंचविशीची असेल. तिचा नवरा अनंता बुडालेल्या अकरांतला. पण हातात हिरवा चुडा तसाच, कपाळाला कुंकू. मी सदूकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "ती मानत न्हाय, सायेब."

तिनं लशीसाठी हात आपणहून पुढे केला. पट्टा ओढत होतो तेव्हा म्हणाली, "सायेब, खिडकी बंद नका करू."

"तुला पेज मिळेल. दारातून मिळेल. रांगेत उभी राहा, नाव सांग."

"माज्यासाठी न्हाय बोलत." तिनं मांडीवरचा टोप घट्ट धरला. पितळेचा जुना टोप, एक कान तुटलेला. "नाव सांगायचं झालं तर तो कसा येल?"

मी तिला वेड लागलंय असं समजलो. त्याहून वाईट म्हणजे मी तसं मोठ्यानं बोललो.

चौथ्या दिवशी दुपारी मी पडवीत बांगींच्या शेजारी स्टुलावर बसलो. सदूला बाहेर खिडकीपाशी उभा केला. बांगी म्हणाले, "सायब, हात बगू नका." मी म्हटलं, मी हातच बघायला बसलोय.

ऊन कडक होतं. पडद्याखालच्या फटीतून वाळूची पांढरी पट्टी दिसत होती, डोळे दुखतील इतकी. भांडी येऊ लागली. करवंट्या, मडकी, जर्मनची पातेली. प्रत्येक मनगटावर माझा जांभळा पट्टा. एका कानाचा टोपही आला, हिरव्या बांगड्या किणकिणल्या, पट्टा होता. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. तीन दिवसांची मेहनत अशी डोळ्यांसमोरून हाताहातांनी जात होती.

बाहेरून सदूची हाक आली, "शेवटचा मानूस गेला, सायेब. आता कोन न्हाय."

मी उठायला लागलो. बांगी उठले नाहीत. त्यांनी देग तिरपी केली आणि तळाची दाट पेज पळीत घेतली. पांढरा डोळा आणि चांगला डोळा, दोन्ही मिटले.

फटीतून एक भांडं आत आलं.

होडीत साचलेलं पाणी उपसायचं लाकडी भांडं होतं ते. लाकूड काळं पडलेलं, ओलं. धरणारा हात पुरुषाचा. बोटांची कातडी फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली. नखांत वाळू. मनगटावर पट्टा नव्हता.

"सदू!" मी ओरडलो. "कोण आहे बाहेर?"

"कोन न्हाय, सायेब."

"खिडकीपाशी कोण उभा आहे?"

"मीच हाय हितं. मी एकटाच."

मी ते मनगट पकडलं. मला वाटलं होतं तो हिसका मारेल. त्यानं मारला नाही. हात गार होता, आणि जड.

"सायब, सोडा," बांगी म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

उत्तर आलं. ते पडद्यामागून आलं नाही, त्या रिकाम्या भांड्यातून आल्यासारखं आलं.

"अनंता."

माझी पकड सुटली. भांडं मागे सरकलं. रिकामंच.

मी पडदा फाडला. बाहेर सदू उभा होता, तोंड पांढरं पडलेलं, आणि त्याच्यामागे ओहोटीची वाळू. समुद्राकडे जाणारं एकही पाऊल त्या वाळूवर नव्हतं.

त्या दिवशी मी भ्यालो होतो. भ्यालेला अधिकारी फार वाईट. कोणी तरी मेलेल्याच्या नावावर लस चुकवतंय, असा निष्कर्ष मी कागदावर लिहिला आणि संध्याकाळच्या आत खिडकी जांभ्या दगडांनी बुजवून घेतली. मुसलमान, कोळी, सारा गाव बघत उभा होता. कोणी अडवलं नाही. गवंड्याला थापी द्यायलाही कोणी पुढे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेज दारातून वाटली. केसर रांगेत आली नाही. मी निघालो तेव्हा ती गाडीच्या चाकापाशी उभी होती.

"तो जेवून जात होता," ती म्हणाली. "येवढं मला पुरं होतं. आता तो तुमच्याकडंच येल. नाव तुमीच इचारलंत."

माणगावला पोचून चौथा दिवस. दुपारी मी जेवायला बसलो होतो. स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडी होती, आणि तिच्या चौकटीवर ते लाकडी भांडं होतं. ओलं. समुद्र माझ्या घरापासून दिवसाच्या वाटेवर आहे.

मी ते उचलून परसात फेकलं. दुसऱ्या दुपारी ते परत होतं. तिसऱ्या दुपारी चौकटीच्या आत, चुलीच्या बाजूला सरकलेलं. चौथ्या दुपारी पानाशेजारी. तेव्हा मी बायकोला पेज करायला सांगितली. आमच्याकडे पेज कोणी खात नाही. तिनं दोनदा विचारलं, आणि माझं तोंड बघून तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पेज ओतली की भांडं जातं. मी मान खाली घालून ओततो.

महिनाभरानं मी सदूला खारशेतला धाडलं. म्हटलं, दगड काढ, पडदा लाव, बांगींच्या पाया पडून सांग की खिडकी पूर्वीसारखी चालवा. सदू आठव्या दिवशी परत आला.

"दगड काढलं, सायेब. पन बांगी बोलतात, आता हितं शेवटचं भांडं येत न्हाय."

"आणि केसर?"

सदूनं पागोटं काढून हातात घेतलं. "ती रोज त्या भिंतीपाशी बसून असायची म्हनं. काय खात नव्हती. मला बगून एवढंच इचारलं, सायबांची खिडकी कनच्या अंगाला हाय. मी सांगितलं. दुसऱ्या दिशी भरतीच्या वक्ताला ती खाडीकडं गेली. अजून आली न्हाय."

मी सदूला दोष दिला नाही. ज्याचं उत्तर तो देऊन बसला, तो प्रश्न साधाच होता.

काल दुपारी मी नेहमीप्रमाणे मान खाली घालून पेज ओतली. लाकडी भांडं गेलं. मी पळी खाली ठेवणार, तोच चौकटीवर आणखी काही तरी टेकल्याचा आवाज झाला.

एका कानाचा पितळी टोप.

हात बघायचा नाही, हे मला आता पाठ आहे. तरी नजर गेली. हिरव्या बांगड्यांतून पाणी ठिबकत होतं. आणि मनगटावर माझाच जांभळा पट्टा होता, नुकताच ओढल्यासारखा ओला.