कुलसुमच्या दातांची तार

महाराज सरकारांच्या अमदानीत, मुंबईस शिकून आलेला दंतवैद्य ही करवीरात मोठी नवलाई होती. शाहूपुरीतील अशाच एका दवाखान्यात, बाळासो डॉक्टरांकडे, एका मंगळवारी कुलसुम आपल्या आत्यासह, मेहमुदा फूफीसह, प्रवेशली. ओठांवर पदर घट्ट धरलेली ती तरुणी दारातच एका युवकावर आदळली, आणि त्याच्या हातातील सुवर्णतारेचे वेटोळे घरंगळत तिच्या पायांशी आले...

"पायाशी सोनं आलं! लई भाग्याच्या हायसा," तो हसला.

"वाट अडवायची अन् वर भाग्य सांगायचं!" पदराआडून उत्तर आले.

तो गैबी. सोन्याचांदीच्या तारा ओढणे हा त्याचा पिढीजात व्यवसाय; डॉक्टरांना दातांसाठी लागणारी तारही तोच पुरवी.

डॉक्टरांनी कुलसुमचे मुख उघडले मात्र, ते स्तंभित झाले! पुढचे दोन दात झुकून पांगले होते, हिरड्यांतून पू झिरपत होता, आणि त्या दातांना चांदीची तार करकचून आवळलेली होती.

"हे कुणी केलं?"

"मीच की," फूफी म्हणाली. "म्हैन्यानं गडहिंग्लजचं पावणं बघाय येणार. फट बुजवाय नगं?"

"अहो, आतलं हाड झिजलंय! आणखी आठवडा गेला असता तर दोन्ही दात हातात आले असते."

कुलसुमने जिभेने हलकेच ते दात चाचपले. तोच कोपऱ्यातून क्षीण स्वर आला —

"ती तार... माज्या हातची हाय. बाईंनी नथीला म्हणून नेल्ती." गैबी पांढराफटक पडला होता.

डॉक्टरांनी तार कापली आणि उपचार सांगितले. प्रथम मिशरी बंद, दातांवरचे कीटण खरवडणे, हिरड्या बऱ्या करणे. तदनंतरच मऊ सुवर्णतारेने दात हळूहळू माघारी आणणे. अवधी सहा महिने.

"अन् पावणं?" फूफीने कपाळ बडवले.

"नगं म्हणून कळीव त्यास्नी," कुलसुम म्हणाली, आणि स्वतःच्याच धिटाईने दचकली. "नवरा दुसरा मिळंल, फूफी. दात न्हाय मिळायचा."

मंगळवारामागून मंगळवार गेले. हिरड्या घट्ट झाल्या, तार चढली. आणि दर खेपेस गैबी हजर!

"एवढुशी तार द्याय सोता येताय?" कुलसुमने एकदा विचारलेच.

"बारीक हाय... वाटंत हरवंल."

"अन् तुमी?"

"मी कवाच हरवलोय..."

सहाव्या महिन्यात आरशात पाहताना कुलसुमचे नेत्र भरून आले. दात जागेवर आले होते!

"तार मात्र काढायची नाही," डॉक्टर उद्गारले. "काढली की दात पुन्हा पांगतील. सैल झाली की नवी. जन्मभर."

"जल्मभर?" तिच्या हातून आरसा निसटता निसटता राहिला.

"मग... जल्मभर मीच ओढून दीन की," गैबी चाचरला. "पर परक्या घरला किती खेपा घालू? तुमीच... माज्या घरला या."

फूफीचा 'आ' वासला तो वासलाच. कुलसुमने पदर बाजूस सारला.

"तोंड उघडा."

"आँ?"

"उघडा म्हंते की!"

बिचाऱ्याने उघडले. पान-तंबाखूने रंगलेली ती दंतपंक्ती तिने डॉक्टरांसारखीच निरखून पाहिली.

"डॉक्टर, ह्यांच्या बी हिरड्या सुजल्यात! तंबाखू सुटली, की मगच निकाह."

तिचे वाक्य पुरे होण्याआधीच गैबी खुर्चीत जाऊन बसला होता.