आठवी आवृत्ती

बोगद्याच्या छताला चिकटवलेले एकोणीस सेन्सर काडेपेटीएवढे आहेत. पहिला तोंडाशी, एकोणिसावा पार आत. त्यांची ऑपरेटिंग सिस्टीम मी लिहितो. तिचं खरं कसब झोपण्यात: मिनिटाला एकदा जागं व्हायचं, छताची भेग, तापमान, जमिनीचा कंप मोजायचा, शेजाऱ्याला सांगायचं आणि पुन्हा गुडूप. नाहीतर बॅटरी आठवड्यात मान टाकते.

नवी आवृत्ती मी फक्त पहिल्याला देतो. बाकीचे एकमेकांना "तुझी कितवी?" विचारतात आणि मोठा आकडा दिसला की तीच घेतात. बोगद्याची इंजिनिअर असलेली माझी ताई याला चहाड्या म्हणते.

सोमवारी मी सातवी दिली. मंगळवारी सकाळी सगळ्यांकडे आठवी होती.

लिहिणारा मी एकटाच. उघडून पाहिली, तर माझ्या सातवीच्या निम्मी, एक ओळ फुकट नाही. खरं सांगतो, भीती नाही वाटली, पोटात दुखलं. फक्त घड्याळ चुकलेलं होतं. प्रत्येक नोंदीवर तासभर पुढची वेळ. सव्वानऊला सोळाव्या सेन्सरने सव्वादहाचं तापमान कळवलं: एकदम चाळीस. मला राहवेना. थर्मामीटर घेऊन तिथे, ताईच्या माणसांत जाऊन उभा राहिलो. सव्वादहाला वेल्डरने नेमकं त्याच्याखालीच काम काढलं आणि माझ्या हातातला पारा चाळीसवर गेला.

तोंडाबाहेरच्या केबिनमध्ये परतलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते, नोंदी पावणेबाराच्या येत होत्या. बाराव्याजवळची भेग दोन मिलिमीटर. मग पाच. मग नऊ. मग बारा ते एकोणीस, सगळे गप्प.

ताई अकरा माणसांसह अजून सोळाव्याखालीच होती. मी बोगद्यातला फोन लावला.

"ताई, सगळ्यांना घेऊन बाहेर ये."

"का रे? घड्याळ चुकलंय असं तूच म्हणालास ना मघाशी?"

"नाही चुकलेलं. ये गं."

तिने वेल्डरला मशीन बंद करायला सांगितलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "खोटं निघालं तर कान उपटीन."

पावणेबाराला छत कोसळलं. बोगद्याच्या तोंडातून धूळ आली. ताईने माणसं मोजली: तिच्यासकट बारा. मी लाज सोडून रडलो.

स्क्रीनवर पावणेएकच्या नोंदी सुरू झाल्या.

अकराव्याखाली कंप. पावलांचा, एकट्याच्या.

मिनिटाने दहाव्याखाली. मग नवव्याखाली.

"कोण राहिलंय आत?" मी ओरडलो. ताईने पुन्हा मोजलं, हजेरीही पाहिली. बारा गेले होते, बारा आले होते.

पहिल्या सेन्सरखाली पावलं थांबली. त्यानंतर दर मिनिटाला तिथेच जराशी हालचाल होत राहिली, वाट बघताना आपण पाय बदलतो तशी.