राजकन्येची वाकडी करंगळी

"ब्रेक मार!" पंक्चर ओरडला.

"ब्रेक नाहीत! घंटी आहे!" असं म्हणून ती वाजवत वाजवत घंटी त्याच्यावर आदळली. तिचं हे नाव असंच पडलं होतं. पंक्चरचं कसं पडलं, ते सकाळपासून त्याची ट्यूब काढणाऱ्या ढापण्याला विचारा.

सायकल सहल तळ्याकडे निघाली होती, कारण सोबत आलेल्या घंटीच्या मामाला तळ्याकाठी उत्तम झोप लागते. ती पडक्या राजवाड्याकडे वळवली घंटीने. तिचे बाबा पडक्या भिंती दुरुस्त करायचे. इथलं काम संपलं आणि ते समुद्रापलीकडे, दुसऱ्यांच्या पडक्या भिंतींकडे गेले. फोनवर आधी वारा ऐकू यायचा, मग बाबा, मग पुन्हा वारा. पण जायच्या आधी इथल्या ओल्या चुन्यात त्यांनी लहानग्या घंटीचा पंजा उमटवला होता. तो तिला बघायचा होता.

भिंतीपाशी दोरी होती. आत दगड कापायचं यंत्र होतं.

"हा राजकन्येचा पंजा!" गाईडकाका गरजले. "हजारो वर्षांपूर्वीचा! लढाईत बाण लागून करंगळी वाकडी झाली. आज हा तुकडा कापून संग्रहालयात जाणार. या बाई त्यासाठीच आल्यात!"

घंटीने आपल्या वाकड्या करंगळीकडे पाहिलं.

"बाण नाही, सायकलची चेन होती," ती म्हणाली. "तो माझा पंजा आहे."

"राजकन्येकडे सायकल होती?" मामाने विचारलं. "गिअरची?"

"लाव हात!" काका हसले. घंटीने लावला. बसेना. "बघा! मापच नाही!"

"काका, तुम्ही बालवाडीतल्या बुटात पाय घालून दाखवा," पंक्चर म्हणाला.

"चला, बाजूला व्हा!" यंत्र घरघरलं.

घंटीने दोघा मित्रांना बाजूला ओढलं. तिने दोघांच्या कानात सांगितलं, "बाबा नवा चुना जुन्या भिंतीपेक्षा बोटभर आत ठेवायचे. नवं काम जुनं म्हणून खपू नये म्हणून."

ढापण्याने चष्मा पुसला आणि चेहरा शक्य तितका बावळट केला. ते त्याला जमतं.

"काका, तो पलीकडचा तुकडा पण राजकन्येच्या काळातला का हो?"

"छे! ती अलीकडची डागडुजी. बोटभर आत आहे, दिसत नाही?"

"दिसतंय की! आणि हा पंजावाला?"

काकांनी त्या तुकड्याच्या कडेला बोट घातलं. बोटभरच आत गेलं. ते बाहेर काढायचं काकांना सुचेना.

"यंत्र बंद करा!" संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. घंटीने त्यांना बाबांचा नियम सांगितला. मग त्या पोट धरून हसल्या. "मी चेनचा अपघात काचेच्या कपाटात ठेवणार होते! शाब्बास रे पोरांनो! हा पंजा इथेच राहील. बाबांना कळव हं, त्यांचा नियम कामी आला."

"भाची कोणाची!" मामा म्हणाला. त्याने राजकन्येच्या पंजासोबत काढलेला फोटो हळूच पुसून टाकला.

घंटी दोरीखालून आत गेली. चिमुकल्या पंजाशेजारी बाबांचा मोठा अंगठा उमटला होता. तो मात्र बाईंनासुद्धा दिसला नव्हता. तिने त्यात आपला अंगठा ठेवला. चारी बाजूंनी जागा उरली.

"सैल आहे," ती म्हणाली.

"मग दर सुट्टीत येऊन मोजू," पंक्चर म्हणाला. "कधीतरी बसेलच!"

"नको," घंटी म्हणाली. "बसायच्या आत बाबा यायला हवेत."

 तेवढ्यात पंक्चरच्या टायरमधून फुस्स्‌ आवाज आला.