अंगुरीच्या कानाचा फोटो

साल बहात्तर-त्र्याहत्तरचं असेल. कारंज्याच्या खेमचंद किराणावाल्याची बायको जतनबाई चार वर्षांच्या अंगुरीला घेऊन सकाळच्या एसटीनं वाशीमला आली, ती पोरीच्या कानाचा फोटो काढायला. मागून परात आपटा नाहीतर फटाका फोडा, पोरगी आपली ढिम्म. डॉक्टर म्हणाले होते, "कानाच्या आत हाडाचा शंख असतो, गोगलगाईसारखा. तो फोटोत दिसला तर आशा आहे, बाई." त्या शंखासाठी जतनबाईनं देव पाण्यात ठेवले होते.

एक्स-रेच्या खोलीत भरदुपारी काळोख. खिडक्यांना काळं कापड, आणि फिल्म धुवायच्या औषधाचा आंबूस वास. फोटो काढणाऱ्या हेमसिंगनं अंगुरीला टेबलावर उताणं निजवलं, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावल्या आणि जतनबाईला घेऊन फळीच्या आडोशाला गेला. यंत्र घुरघुरलं. नेमकी तेव्हाच पोरीनं मान भिंतीकडे वळवली.

"हालली पोट्टी," हेमसिंग वैतागला. दुसऱ्यांदाही तेच झालं, आणि तीच भिंत.

आई ती आई. जतनबाईचं काळीज सुपाएवढं झालं. "भाऊ, कोनी हाक मारल्यावानी पाहून राह्यली ना ते. तिले ऐकू येते!"

"कोनाची हाक, बाई? आपन तर दोघंच इथं..."

तिसऱ्या वेळी मात्र अंगुरी जराही हलली नाही. हेमसिंग फिल्म धुवायला गेला तो लवकर आलाच नाही. आला तेव्हा फिल्म टपटप गळत होती आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. शंख नव्हता. दोन्ही कानांत त्या जागी नुसतं भरीव हाड. "हिनं जन्मात काही ऐकलेलं नाही, बाई," ते हळूच म्हणाले.

डॉक्टर अजून फिल्मकडेच पाहत होते. "हेमसिंग... डोकं कोणी धरलं होतं हिचं?"

"कोनीच नाही, साहेब..."

कवटीच्या दोन्ही बाजूंनी बोटांची हाडं उमटली होती. लांबच लांब. आणि उजव्या कानाला टेकून एक उघडा जबडा.

जतनबाईनं पोरीला उचललं आणि स्टँड गाठला. गाडी सुटल्यावर तिचा बांध फुटला. "अंगुरे, कोन बोलते व तुह्यासंग? सांग ना मले, माय..."

अंगुरी शेजारच्या रिकाम्या जागेकडे कान लावून बसली होती. तिनं आईकडे न पाहताच ओठांवर बोट ठेवलं, तिला गप्प केलं, आणि मान डोलावत पुढचं ऐकू लागली.