एक टोपली कमी

"चांगुने, मोजताना बोलायचं न्हाई. त्वांड उघाडलं की टोपली बाद!"

गोजरआत्याचं हे वाक्य अजूनही पहाटे माझ्याआधी जागं होतं.

सत्तर सालच्या चातुर्मासात मी लाखोलीचा नेम धरला होता. रोज हजार, अशी शंभर दिवसांत लाख प्राजक्तफुलं बाळकृष्णाला वाहायची. शंभर फुलं टोपलीत पडली की ओच्यात एक चिंचोका टाकायचा. दहा चिंचोके झाले की टोपली भरली. मध्ये एक शब्द जरी बोललं, तरी ती टोपली देवाला चालत नसे. आणि लाख पुरा झाल्याशिवाय माझ्या लग्नाची सुपारी फुटायची नाही, हेही आत्याचंच. राहात्याचं एक स्थळ त्यासाठी कार्तिकी एकादशीपर्यंत थांबलेलं होतं.

माझे वडील, अण्णा, पाटकरी; कालव्याचं पाणी सोडायचं त्यांचं काम. श्रीरामपूरच्या पलीकडे पाटाच्या चौकीतच आमचं बिऱ्हाड. पाटाचं पाणी पाझरून खालची वीसेक एकर रानं कायमची ओली झालेली... नुसती लव्हाळी आणि पाणकणसं. लोक त्याला चिबड म्हणायचे. त्या चिबडाच्या बांधावर आमचा प्राजक्त.

आश्विनातली सकाळ होती. सहा चिंचोके झाले होते, वर चाळीस फुलं.

"अहो... अहो, ऐकलंत का?"

मान वर केली, तर गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेला एक तरुण! गळ्यात दुर्बीण, काखेत वही, हातात चप्पल. एकच.

"दुसरी खाली राहिली," तो ओशाळून म्हणाला. "मला जरा ओढाल का?"

मी बोटानं खूण केली, थांबा. आणि तो खरंच थांबला! मी उरलेली तीनशे साठ फुलं वेचेपर्यंत हळूहळू खाली जात, पण गप्प. दहावा चिंचोका ओच्यात पडला, तेव्हा मी अण्णांची काठी पुढं केली.

"मी बुडालो असतो तर?" बांधावर आल्यावर त्यानं विचारलं.

"चिबडात कुणी बुडत नाही. कमरेपर्यंत जातं, मग थांबतं."

"आणि तोवर तुम्ही फुलं मोजत बसणार!"

"मग? तुमच्यासाठी टोपली बाद करायची होय?"

तो हसला. हसताना त्याच्या गालावरचा चिखल तडकला... मी पटकन टोपलीकडे पाहिलं.

त्याचं नाव गहिनीनाथ. श्रीरामपूरच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, तोही तात्पुरता. मुंबईच्या एका संस्थेसाठी तो हौसेनं पाखरं मोजत असे. चर खोदून हे चिबड कोरडं करायचं आणि तिथं ऊस लावायचा, असं कचेरीत चाललं होतं. "इथं किती पाखरं उतरतात, ते आकड्यांनी दाखवलं तर कदाचित वाचेल," तो म्हणाला.

"आज किती आहेत?"

"तीनशेच्या आसपास."

"आसपास? चारशे वीस आहेत."

"कशावरून?"

"वेचायच्या आधीच मोजली, शंभराला एक चिंचोका. हे बघा चार. आणि वर वीस."

त्यानं अर्धा तास दुर्बीण लावून मोजलं. "चारशे अठरा," तो जिंकल्यासारखा म्हणाला.

"दोन लव्हाळ्यात आहेत."

तेवढ्यात ती दोघं बाहेर आली. चमच्यासारख्या पसरट चोचींची बदकं, थापट्या म्हणतात त्यांना. गहिनीनाथानं वही माझ्यापुढं धरली. "आजपासून आकडा तुम्ही सांगायचा."

मग रोजचंच झालं. मी फुलं वेचत असताना तो पाखरं ओळखायचा, मग आम्ही दोघं मिळून मोजायचो. फुलं माझ्याच हातानं वेचायची असत, म्हणून तो फक्त फुलांवरचे मुंगळे हळूच फुंकून घालवायचा. आणि बोलायचा! मला उत्तर देता येत नाही, हे ठाऊक असल्यानं तर जास्तच.

"आज हिरवं पातळ... लव्हाळ्यात दिसेनात तुम्ही. बदकंसुद्धा फसली." मी ओठ घट्ट मिटले. "हसणं बोलण्यात धरतात का हो?" मी मानेनं नाही म्हटलं. "मग हसा की!"

दहावा चिंचोका पडला की मी ओळीनं उत्तरं द्यायची. "पहिल्याचं, नाही. दुसऱ्याचं, हो. तिसरं पुन्हा विचारायचं नाही."

"तिसरं तर मी विचारलंच नाही अजून," तो एकदा म्हणाला... आणि वहीत डोकं घालून उगाच काहीतरी लिहीत बसला. कान मात्र लाल झालेले.

कार्तिकी एकादशी आली. नव्व्याण्णव हजार वाहून झाली होती. शेवटची टोपली. सात चिंचोके पडले, तेव्हा तो बांधावरून आला. हातात वळकटी, पायात नव्या चपला.

"काल पत्र आलं," तो म्हणाला. "भरतपूरला पाखरांच्या पायांत खुणेचे वाळे घालायचं काम मिळालंय. वर्षभर. आज नऊची गाडी." त्यानं वही माझ्याजवळ ठेवली. "कचेरीतल्या साहेबांनी यंदा चर थांबवलाय, पण दोन हिवाळ्यांचे आकडे मागितलेत. मोजाल?"

मी मान हलवली.

"पुढच्या आश्विनात पहिल्या थापट्या उतरल्या की कार्ड टाका. नुसता आकडा लिहा. कार्ड मिळालं की मी निघेन."

पुन्हा मान हलवली. फुलं हातात ओली लागत होती.

"आज नेम फिटतोय ना? मग राहात्याची माणसं..." पाणकणसांत कुठंतरी एक पाणकोंबडी ओरडली. "चांगुणा... थांबाल का?"

मानेनंही सांगता आलं असतं. आधीची दोन्ही उत्तरं मी मानेनंच दिली होती.

"थांबेन," मी म्हणाले.

नियम त्याला ठाऊक होता. त्यानं टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, टोपली—"

"बाद झाली."

तो टोपलीपाशी वाकला. मग अगदी हळू म्हणाला, "आता ही देवाची नाहीत ना? एक घेऊ?"

"घ्या."

एक फूल खिशात ठेवून तो निघाला. बांध इतका अरुंद की मागं वळायला जागा नव्हती. तरी तो दोनदा वळला, आणि दुसऱ्यांदा त्याचा नव्या चपलेतला पाय चिखलात गेला.

घरी आत्या निरांजन लावून वाट पाहत होती. "झाला का लाख?"

"एक टोपली कमी. मी बोलले."

"कुनाशी?"

"पाखरं मोजणाऱ्या मास्तरांशी."

अण्णा म्हणाले, "हजारच फुलं ना? सांच्याला येच की."

"सांच्याला प्राजक्त पडतो व्हय?" आत्या माझ्यावरची नजर न काढता म्हणाली. "नेम म्हंजी नेम. पुढच्या साली पयल्यापास्नं."

बाळकृष्णापुढं बसून मी खरं ते सांगून टाकलं. चुकून नाही देवा, मुद्दाम बोलले. त्याचा लोण्याचा हात तसाच पुढं होता. राहात्याची माणसं काही थांबली नाहीत. मार्गशीर्षात त्यांनी दुसरीकडे मांडव घातला.

हिवाळाभर मी मोजलं. फाल्गुनात पाखरं उडून गेली. भरतपूरहून कार्डं यायची. कार्ड आधी पोस्टमन वाचणार, मग अण्णा, म्हणून त्यात नुसती पाखरं. "आज चौदा बदकांना वाळे घातले. तुमच्याकडची असतील तर सांभाळा." एवढ्या ओळीवर मी महिना महिना काढला.

एकाहत्तरचा आश्विन आला. पावसानं ओढ दिलेली. लाखोली पुन्हा पहिल्यापासून चालू होती, पण चिबडात थापट्यांचा पत्ता नाही. रोज सकाळी वहीत शून्य. कोजागिरी झाली, तरी शून्य.

आत्यानं एक दिवस वही उलटीसुलटी करून पाहिली. तिला वाचता येत नसे, पण शून्य कळायचं. "लिही की येखादा आकडा. तिकडं कोन बघाया येतंय?"

"न मोजता, आत्या?"

तिनं वही मिटली. "माजीच अक्कल गेली," म्हणाली आणि वाती वळायला लागली.

पुढं चौथ्या दिवशी नऊ चिंचोके झाले होते, तेव्हा डोक्यावरून सर्रकन पंख गेले. मागं पाण्यावर काहीतरी उतरत राहिलं... एक, आणखी एक... मी वळले नाही. एक्याण्णव, ब्याण्णव... शंभर. चिंचोका ओच्यात टाकला, आणि मग पाहिलं.

दोनदा मोजलं. घरी येऊन फुलं देवाला वाहिली, हात पुसले आणि कार्डावर लिहिलं, "थापट्या. अकरा."

"द्ये, अण्णा टाकतील पेटीत," आत्या म्हणाली.

"मीच जाते."

"दोन कोस हाय पोष्ट!" मी चपला घालत होते. आत्यानं देवाला वाहिलेलं एक फूल कुंकवाच्या बोटानं माझ्या केसांत खोवलं. "गेल साली येका शब्दापायी हजार फुलं मातीत ग्येली. लई म्हागाचा शब्द त्यो. मास्तराला म्हनावं, यंदा लाख पुरा हुस्तवर त्वांड मिटून बसायचं. मग काय इचारायचं त्ये माज्याम्होरं इचार."

मला बोलता येत होतं, टोपली भरली होती. तरी काही बोलले नाही. कार्ड पदराखाली धरलं आणि बांधाची वाट धरली.