नाव कापलेलं बोलावणं

हे खरं घडलेलं आहे. मीरा रोडला, पूनम सागरमध्ये, मागच्या एप्रिलमध्ये.

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी विचारतात, रात्री किती वाजता?

रात्र नव्हती. भर दुपार होती. वॉचमन खुर्ची उचलून जिन्याखालच्या सावलीत गेला होता, एवढं ऊन.

ज्याला खोटं वाटेल त्याने खोटं समजावं. प्रीतम कुणाशी वाद घालत नाही. त्या दुपारपासून त्याच्या बायकोला, हेमालीला, अन्नाचा घास गिळता येत नाही. त्याला बाकी कशाचंच काही पडलेलं नाही.

रेकॉर्ड

प्रीतम मूळचा भायंदरजवळच्या डोंगरीचा, कोळ्याच्या घरातला. मासेमारीत त्याचं मन कधी रमलं नाही. त्याला आवाज लागायचे. बोटीच्या इंजिनाचा, बर्फ फोडण्याचा, जाळं दगडावर आपटण्याचा. मोबाइलवर आवाज पकडायचा, लॅपटॉपवर तोडायचा, उलटा फिरवायचा, त्यातून ढोल काढायचा. दिवसा एका जाहिरातवाल्याकडे एडिटिंग आणि उरलेल्या वेळात हे उद्योग.

मार्चमध्ये चुलतभावाचं लग्न होतं. त्याची आते, इंदुबाई, धवलारीण. म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी, धवले, गाणारी बाई. यांच्या घरातली रीत अशी की हळदीच्या आधी ती देवांना बोलावते आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन.

या हो पंढरीनाथ बाबा, या
पाट मांडला, ताट वाढलं
या गो मनोरमा बाय, या
पाट मांडला, ताट वाढलं

प्रत्येक नावाला एक पाट. पाटासमोर खरंच एक ताट. आणि लग्न उरकलं की तीच नावं घेऊन पाठवणी. जेवलात, पोट भरलं, आता आपल्या जागी जा.

प्रीतमने बोलावणं मोबाइलवर पकडलं. पाठवणीच्या वेळी मोबाइल भरला.

"बोलावनं घेतलंस ना," इंदुबाई म्हणाली, "मंग पाठवनी पन घे."

"जागा नाय आते मोबाइलमध्ये."

"फोटो काढून टाक."

"सगळे हेमालीचे हायत."

"मंग बायकोला काढून टाक," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा मांडव हसला. हेमालीसुद्धा.

पाठवणी राहून गेली.

कट

प्रीतमच्या ओळखीचा दिपेश हळदीला डीजे लावायचा. त्याला तो आवाज ऐकवला तर तो वेडा झाला.

"कडक आहे भाई. खाली बीट टाक. पण ते पंढरीनाथ, मनोरमा काढ ना. दुसऱ्याच्या हळदीत तुझे आजोबा कशाला? जनरल बनव. कोणाच्या पण मांडवात वाजलं पाहिजे."

बरोबरच होतं त्याचं. प्रीतमला पटलं.

त्या शनिवारी दुपारी तो हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला. हेमालीला सुट्टी होती, ती स्वयंपाकघरात बोंबील तळत होती. प्रीतमने सगळी नावं कापली. नावाची जागा मात्र तशीच मोकळी ठेवली, नाहीतर ताल तुटला असता. मग ते संपलं की पुन्हा सुरुवातीपासून फिरत राहील असं लावलं. आणि स्पीकर चालू केला.

या हो [            ] या
पाट मांडला, ताट वाढलं
या हो [            ] या
पाट मांडला, ताट वाढलं
या हो [            ] या

त्याला पाहिजे तसा ढोल सापडत नव्हता. तो एक आवाज लावून बघायचा, काढायचा, दुसरा लावायचा. तोवर बोलावणं चालूच होतं. अख्खी दुपार.

खिडक्या उघड्या होत्या.

लूप

आधी त्याच्या लक्षात आली ती हिरवी रेघ.

आवाज असला की स्क्रीनवर हिरवी रेघ वर चढते. नसला की खाली पडून राहते. नावाच्या जागी आवाज नव्हता. त्याने स्वतःच कापला होता.

तरी तिथे रेघ थोडी वर येत होती...

प्रत्येक फेरीला, थोडी जास्त.

त्याने इंदुबाईचा आवाज बंद केला. ढोल बंद केला. सगळं म्यूट.

रेघ वर येतच राहिली.

त्याने हेडफोन लावला.

कापडाची सळसळ. पाट जमिनीवरून सरकल्याचा आवाज. कुणीतरी बसताना टाकलेला श्वास. मग आणखी एक पाट. आणखी एक...

कुणाही शहाण्या माणसाने तिथे लॅपटॉप बंद केला असता. पण प्रीतमला तो आवाज आवडला. त्याने तो वाढवला. स्पीकरवर टाकला आणि मोबाइलवर पकडून धम्मपालला पाठवला. धम्मपाल म्हणजे पलीकडच्या बिल्डिंगमधला मित्र. परभणीचा, मिक्सिंग करणारा.

"मोकळ्या जागेत काय येतंय ऐक."

"तुझ्या हेडफोनची वायर उंदराने खाल्लीय," धम्मपालचं उत्तर आलं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून हेमाली म्हणाली, "प्रीतम, कोण आलंय?"

"कोणी नाय. का?"

"मग जेवायला किती जण आहेत?"

"असं काय विचारतेस?"

ती दारात आली. हातात झारा तसाच. तिला स्वतःलाच कळत नव्हतं आपण असं का विचारलं. "मला वाटलं," ती म्हणाली, "की सगळे बसलेत."

म्यूट

जेवायला दोघंच बसली. हेमालीने पहिला घास तोंडात घातला आणि तसाच ताटात टाकला.

"चावलेला आहे."

"काय?"

"कोणीतरी आधीच चावलाय हा."

तिने दुसरा घास घेतला. तोंड फिरवलं. उठून मोरीत गेली.

प्रीतमने तिच्या ताटातला तुकडा खाऊन बघितला. चांगला होता. खुसखुशीत. मीठ बरोबर.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने घास उचलला आणि ताट समोरून सरकलं. आपोआप नाही. झटक्याने. कुणीतरी ओढल्यासारखं.

तिने ते धरून ठेवायचा प्रयत्न केला तर तिची वेणी मागे खेचली गेली. इतकी, की मान वर झाली आणि नजर छताला लागली.

प्रीतम समोर बसला होता. तिच्यामागे भिंत होती. फक्त भिंत.

बाहेर खाता येतंय का बघावं म्हणून तो तिला स्टेशनजवळ वडापाव खायला घेऊन गेला. पहिल्यांदा खाल्ला तिने. रडत खाल्ला. दोन दिवसांनी तिथेही घास थुंकला. जे काय होतं ते आता घरात थांबत नव्हतं. तिच्याबरोबर निघत होतं.

स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं तर विचारूच नका. दुपार झाली की मांडणीतली स्टीलची ताटं वाजायची. बोटाने वाजवावीत तशी. भूक लागलेली माणसं पंगतीत वाजवतात तशी.

आधी हळू...

मग सगळी एकदम.

अनडू

प्रीतमने ते गाणं उडवलं. लॅपटॉप पूर्ण पुसला. मोबाइलमधलं मूळ रेकॉर्डिंगही काढून टाकलं. दिपेशला फोन करून सांगितलं, विसर ते.

दुपारी ताटं वाजलीच.

मग तो धम्मपालकडे गेला.

"हे बघ," धम्मपाल म्हणाला, "माझ्या आईने ऐकलं की मी भूत शोधायला गेलो, तर ती तुला आणि मला एकाच झाडूने मारेल. आमच्या घरात हे चालत नाही. पण वहिनी जेवत नाहीत हे खरंय. चल, बघू."

त्याच्या फोनमध्ये एक अ‍ॅप होतं. गाणं टाकलं की त्यातून गळ्याचा आवाज वेगळा काढून देणारं. वाद्यं एकीकडे, माणूस एकीकडे. त्याने भर दुपारी रिकाम्या स्वयंपाकघरात फोन ठेवला. तिघं हॉलमध्ये बसली. ताटं वाजून थांबली, मग त्याने ते रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये टाकलं.

"ताटं वाद्यात जाणार," तो समजावत होता. "माणसाच्या ट्रॅकमध्ये काहीच नको यायला. सरळ रेघ."

रेघ सरळ नव्हती.

त्याने ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"किती जण आहेत?" हेमालीने विचारलं.

"वहिनी, तुम्ही आईकडे जा. वरसाव्याला. आजच."

"आजच का? काय म्हणतायत ते?"

"वाढ म्हणतायत," धम्मपाल म्हणाला. "एवढंच. वाढ, वाढ. लहान मुलं पण आहेत त्यात."

प्ले

हेमालीला आईकडे पाठवण्याआधी इंदुबाईला डोंगरीहून रिक्षाने आणलं. प्रीतमने तिला सगळं सांगितलं. नावं कापल्याचं सांगितल्यावर ती थांबली.

"नाव न घेता बोलावलंस?"

"हो."

"कोनाला मंग?"

"कोणाला असं नाय. कोणाच्या पण मांडवात वाजावं म्हणून."

"आपली मानसं नावानं येतात नि नावानं जातात," ती म्हणाली. "तू रस्त्यावर उभा राहून बोंब मारलीस, ताट वाढलंय म्हून. ज्याला कोनी बोलावत न्हाय तो आला. आनि ताट कुठं हाय?"

तिने हेमालीला भात करायला लावला. पातेलं भरून. हॉलमध्ये पाट नव्हते, म्हणून वर्तमानपत्रं अंथरली. घरातली सगळी ताटं वाढली. कमी पडली तेव्हा झाकणं घेतली, डब्यांची टोपणं घेतली. भाताची वाफ निघत होती. ती सरळ वर जात नव्हती...

प्रत्येक ताटावरून ती एका बाजूला ओढली जात होती. नाकाने ओढावी तशी.

इंदुबाईने पाठवणी सुरू केली. आवाज म्हातारा, पण खणखणीत.

जेवलात, पोट भरलं
आता जा हो...

आणि नावाच्या जागी ती थांबली.

"नावं पाहिजेत," ती म्हणाली. "नावाबिगर पाठवनी व्हत न्हाय. इचारा त्यांना."

धम्मपालने फोन ताटांच्या मधोमध ठेवला. इंदुबाई मोठ्याने म्हणाली, "नाव सांगा आपापलं. घाबरू नका. मी घेते नाव."

खोलीत काही ऐकू आलं नाही. फक्त पंखा.

धम्मपालने रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये टाकलं, माणसांचा ट्रॅक काढला, कानाला लावला. त्याचा चेहरा बघून प्रीतमने फोन त्याच्या हातातून घेतला आणि स्पीकर चालू केला.

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. "हेमाली."

बाईचा. "हेमाली."

लहान मुलाचा. "हेमाली."

मग कफाने भरलेला एक. मग हसणारा एक. सगळे एकेक करून, रांगेत, न घाबरता.

हेमाली, हेमाली, हेमाली, हेमाली

त्यांनी ऐकलेलं नाव तेच होतं. दिवसभर त्या घरात सगळ्यात जास्त हाका त्याच नावाने. हेमाली, चहा. हेमाली, चावी कुठेय. हेमाली, वाढ.

हेमालीच्या हातातला डाव खाली पडला.

इंदुबाईने पदर सावरला आणि उठली.

"गा ना आते," प्रीतम म्हणाला. "थांबू नको. पाठव त्यांना."

"कोनाचं नाव घेऊन? ही जिवंत हाय."

"मग काय करायचं?"

तिने ताटांकडे बघितलं. भात तसाच होता, एक शीत हललेलं नव्हतं. पण हातात घेतल्यावर चिकट आणि गार लागला. चावलेला.

"मना ठावं न्हाय," इंदुबाई म्हणाली. तिने चप्पल घातली आणि ती निघाली. त्यानंतर ती कुणाच्या लग्नात गायलेली नाही.

रेकॉर्ड

पूनम सागरचं घर त्यांनी सोडलं. हेमाली आता वरसाव्याला आईकडे असते. पेज, सरबत, चमच्याने, जेवढं आत राहील तेवढं. घरात तिला कुणी नावाने हाक मारत नाही. अगं, ए, बाळा, काहीही. कारण नाव घेतलं की आतल्या खोलीतून आधी कुणीतरी ओ देतं.

प्रीतमने लॅपटॉप विकला. डॉक्टर बदलून बघतोय.

परवाची गोष्ट. भायंदरला एका नव्या डॉक्टरकडे सकाळचा नंबर लावला होता. दवाखाना भरलेला. मुलं रडत होती, टीव्ही चालू होता. प्रीतमने नंबर स्वतःच्या नावाने लावायचा असं ठरवलं होतं, पण काउंटरवरच्या मुलीने पेशंटचंच नाव पाहिजे म्हणून आधारकार्ड मागून घेतलं.

त्यांची पाळी आली. कंपाउंडर दार उघडून उभा होता.

"हेमाली..."

ती उठेपर्यंत, साडी सावरून दोन पावलं टाकेपर्यंत, त्याने दार लावून घेतलं होतं.

"मेरा नंबर है," ती म्हणाली.

कंपाउंडरने कागद बघितला. मग तिला बघितलं. "हेमाली तो अंदर गई ना अभी. आप कौन?"

ती वळून प्रीतमकडे बघायला लागली. तू सांग, अशी.

प्रीतमने तोंड उघडलं. ते एक नाव घ्यायचं होतं, बस. त्याला घेता येईना.

बंद दाराआडून डॉक्टरांचा आवाज येत होता. रोजचा, कंटाळलेला.

"आ करा... अजून मोठा... अजून..."

मग बराच वेळ डॉक्टर काहीच बोलले नाहीत.